पाहुण्यांसमोर दाबलेलं बटण

बाबांच्या छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, एक यंत्र आहे. आगपेटीतल्या दोन-तीन काड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा लागेल, तेवढंच. अंघोळ करून ते उघड्या अंगाने ओट्यावर येऊन बसतात तेव्हा तिथे बारीकसा उंचवटा दिसतो. माहीत नसलेल्याला वाटेल, काटा मोडून आत राहिलाय.

ते बसवायचं कारण एवढंच, की बाबा पडायचे. पहिल्यांदा पडले ते कापलेल्या भाताच्या उडवीपाशी, भारे रचून ठेवतात तिथे. नंतर एकदा मुरबाडच्या एसटी स्टँडवर, उसाच्या रसाच्या गाडीसमोर. चेहरा पांढराफटक व्हायचा, डोळे वर जायचे, आणि कुणी पाणी आणेपर्यंत ते उठून बसलेलेही असायचे. जमलेल्या लोकांकडे बघून उलट त्यांनाच विचारायचे, "काय बगताव? कोन पडला?"

दवाखान्यात नेईपर्यंत सगळं जागच्या जागी आलेलं असायचं. कार्डिओग्राम चांगला, रक्त चांगलं, डोक्याचा फोटो चांगला. कल्याणचे डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलायचे. मी शाळेसाठी शहापूरला मामाकडे राहिले, इंग्रजी माध्यमात शिकले, त्यामुळे दवाखान्यात मला पुढे करायचं हे घरात न बोलता ठरून गेलं होतं. एरवी मी चार माणसांत तोंड उघडत नाही. तिथे मात्र डॉक्टर एक वाक्य बोलायचे, आई आणि बाबा दोघंही माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी त्या वाक्यातला निम्मा भाग गिळून उरलेला त्यांना द्यायची.

डॉक्टरांचं म्हणणं असं होतं. बाबांचं हृदय मधेच काही क्षण थांबत असावं. तसं असेल तर पेसमेकर बसवून हा धोका टळेल. पण चक्कर दुसऱ्या कारणानेही येते, रक्तदाब एकदम उतरला तरी येते, आणि मग पेसमेकरचा उपयोग नाही. नुसत्या संशयावर ते बसवणार नव्हते. पडताना हृदय काय करतं ते एकदा दिसायला हवं होतं. ते दिसेपर्यंत बाबा कुठेही पडू शकत होते, विहिरीच्या काठावर किंवा रस्त्यावर, आणि कधीतरी न उठण्यासाठीही.

म्हणून ते यंत्र. ते रात्रंदिवस हृदयाकडे बघत राहतं. सोबत एक बटण मिळालं, गाडीच्या किल्लीएवढं. चक्कर येऊन गेली की ते छातीवर धरून दाबायचं, म्हणजे यंत्र मागची काही मिनिटं पुसून न टाकता जपून ठेवतं. काही गोष्टी ते आपणहूनही टिपतं, पण डॉक्टरांचा भर बटणावर होता. रोजच्या रोज नोंदी दवाखान्यात पाठवणारा एक डबाही असतो. पण त्याला फोनची रेंज लागते, आणि आमच्याकडे रेंज यायची तर फणसाच्या झाडाखाली, तीही वारा नसेल तर. तेव्हा डॉक्टर म्हणाले, डबा राहू दे, अधूनमधून येऊन दाखवून जा.

यंत्र घेऊन आलो त्याच आठवड्यात माणसं बाबांना बघायला येऊ लागली. आमच्याकडे कुणी दवाखान्यातून आलं की बघायला जातातच. जो जात नाही त्याचं नाव लक्षात राहतं. बिस्किटांचे पुडे, सफरचंदं, शहाळी घेऊन माणसं यायची, ओट्यावर बसायची, आधी पिकापाण्याचं बोलायची आणि मग हळूच बाबांच्या छातीकडे वळायची.

"दाकव तरी, काय बशिवलाय."

बाबा सदऱ्याची बटणं सोडायचे. उंचवटा दाखवायचे. पण उंचवट्यात बघण्यासारखं ते काय? पाहुणा एवढ्या लांबून, म्हसा गावाहून नाहीतर पार शहापूरच्या पलीकडून आलेला. मग बाबा खिशातून ते बटण काढायचे, छातीला लावायचे आणि दाबायचे. त्यावर एक बारीक दिवा लुकलुकायचा. पाहुण्याचं समाधान व्हायचं.

यंत्रासोबत आलेली पुस्तिका मी वाचली होती. जागा मोजक्याच नोंदींची होती, ती भरली की नवी नोंद जुनीवर बसणार, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. मी बाबांना तेव्हाच सांगितलं.

"बाबा, ते सारखं नका ना दाबू. आधीचं पुसलं जातं."

"आधीचा हाय काय त्यात पुसायला? मी कुटं पडलोय अजून?"

हे खरंच होतं. शिवाय त्यांचा स्वतःचा एक हिशेब होता. बाबा आयुष्यभर बैलांत वावरले आहेत. "बैल गोठ्यात बांदून ठेवला का बसतो," ते म्हणायचे. "मशीन पन रोज थोडी हाकायला लागते. नायतर टायमाला दगा देयाची." आमचं पाण्याचं इंजिन ते याच न्यायाने पावसाळ्यातही एकदा सुरू करून बंद करतात.

मी पुन्हा एकदा सांगितलं तेव्हा आत्या बसलेली होती. बाबांची थोरली बहीण, शेजारच्याच पाड्यावर दिलेली. तिने पदर तोंडाला लावला.

"ऐक रे बाबा, ऐक! पोर शिकलीय तुजी. आता बापाच्या छातीवर पन तिचाच राज!"

सगळे हसले. बाबाही हसले आणि मग, आत्याला वाईट वाटू नये म्हणून असेल, त्यांनी ते तिच्या हातात दिलं आणि तिला दाबू दिलं. मी चहाचे कप उचलून आत गेले. आई चुलीपुढून म्हणाली, "त्याना काय सांगतेस? पावन्याला नाय म्हनलेला या घरात चालला हाय का कधी?"

मी कल्याणला भौतिकशास्त्रात एमएस्सी करते. एसटीने मुरबाडहून जाते-येते. तिथे माझा प्रकल्प आहे तो एका पातळ फिल्मवर. ती वाकवली की किंचितशी वीज तयार होते. आम्ही ती एका रबरी फुग्यावर चिकटवतो, छोटी मोटर तो फुगा दाबते आणि सोडते, आणि पडद्यावर एक रेघ उठते, बसते, उठते. सर तिला हार्ट म्हणतात. अशी फिल्म खऱ्या हृदयावर बसवली तर त्याच्या ठोक्यांतूनच यंत्राला वीज मिळेल, बॅटरी संपण्याची, पुन्हा छाती उघडण्याची भानगड नाही, असा त्यामागचा विचार. जगात बरेच लोक यावर काम करतायत. आमची रेघ फुगा जरा ओला झाला की मरते.

घरी मी अभ्यासाबद्दल बोलत नाही. एकदा बाबांनी आपणहून विचारलं, म्हणून सांगितलं.

"म्हंजे काळीज राबनार, नि त्याच्या राबन्यावर मशीन चालनार."

"हो."

"माझी तशी हाय?"

"नाही. तुमची बॅटरीवर."

आत्या तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"नि काळीजच बसला, त मंग ती मशीन कोनाच्या जीवावर चालल गो?"

याचं उत्तर मला येत होतं. थोडी वीज साठवून ठेवलेली असते, ती थोडा वेळ पुरते. मी ते सांगितलं नाही. आत्याने तांदळातला खडा काढून अंगणात टाकला.

भात झोडून झाल्यावर, दिवाळीच्या आसपास, बाबा गोठ्यात पडले. आई तिथेच होती. तिने घाबरत का होईना, सांगितलेलं सगळं केलं. ते श्वास घेतायत ना बघितलं, सदरा वर केला, बटण छातीवर धरलं, दाबलं, दिवा लुकलुकला. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा तिने मला ते तीनदा सांगितलं. परीक्षेत पेपर चांगला गेल्यावर मुलं सांगतात तसं. मी तिला म्हटलं, आई, तू अगदी बरोबर केलंस. ती लाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन लावला. ते बाहेरगावी होते, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. नोंद कुठे जात नाही, काळजी करू नका.

त्या आठवड्यात माझी परीक्षा होती. मी पहाटेच्या गाडीने जायची आणि दिवस मावळताना यायची. बाबा पडले ही बातमी गावात फिरली, गावातून सोयऱ्यांत गेली, आणि पाहुणे येऊ लागले. पहिल्या वेळेपेक्षाही जास्त. आता तर खरंच काही घडलेलं होतं.

कल्याणला डॉक्टरांनी बाबांच्या छातीवर एक चपटी वस्तू धरली आणि नोंदी पडद्यावर उतरवल्या. एकेक उघडून बघू लागले. पहिली बघितली, काही नाही. दुसरी, काही नाही. सगळ्या बघून झाल्यावर ते परत पहिल्या नोंदीकडे गेले.

"यातली चक्कर कुठली?" त्यांनी मला विचारलं.

मी तारखा बघितल्या. प्रत्येक नोंद दिवसाढवळ्याची होती, चहाच्या वेळेची. ही मावशी आली होती तेव्हाची. ही सोसायटीच्या निवडणुकीवरून वाद झाला तेव्हाची, हिच्यात ठोके जरा जलद होते. ही आत्याची. ओळीने सगळे पाहुणे पडद्यावर बसलेले होते आणि बाबांचं हृदय त्या सगळ्यांसमोर अगदी शहाण्यासारखं चाललं होतं. गोठ्यातली नोंद त्यांच्याखाली कुठेतरी गेली होती.

मी डॉक्टरांना सांगितलं. कसं सांगितलं मला आठवत नाही. इंग्रजीत ती गोष्ट फार वेडगळ वाटत होती. डॉक्टर भले आहेत, चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"हे यंत्र फक्त बघतं," ते मराठीत बाबांना म्हणाले, सावकाश. "करत काही नाही. आणि तुम्ही जे दाखवाल तेच ते जपून ठेवतं."

"बरोबर हाय," बाबा म्हणाले. "पन सायेब, पावना आलेला."

"यंत्राने आपणहून टिपलेल्यातही काही सापडत नाही, कधी कधी त्याच्याकडून निसटतं," डॉक्टर पुन्हा माझ्याकडे वळले. "आता पुढची चक्कर येईपर्यंत थांबावं लागेल."

हे मला आईला सांगायचं होतं. बाहेर बाकड्यावर बसून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे ते परत पडायला पायजेत?"

मी हो म्हटलं. यातलं काही गिळताच येत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. घरात आम्ही दोघी बाबांच्या मागे मागे असायचो. ते उठले की बघायचो, अंगणात गेले की बघायचो. पडू नयेत म्हणून आई देवापुढे दिवा लावायची, आणि मग तिला आठवायचं की पडले नाहीत तर बरे होणार नाहीत. एकदा तिने अर्धवट हात जोडून खाली सोडले. काय मागायचं तेच तिला कळेना. बटण आता माझ्याकडे होतं, ओढणीच्या टोकाला गाठ मारून. मी कॉलेजला जाताना ते आईच्या पदराला जायचं. बाबा आमच्यावर रुसले होते. पाहुण्यांना सांगायचे, "मशीन हाय, पन चावी सरकारजमा झालीय."

पौष आला आणि म्हशाची जत्रा भरली. आत्याच्या घरी बैल घ्यायचा होता. बैल घ्यायचा म्हणजे बाबा हवेतच. आमच्या बाजूचे कितीतरी सौदे त्यांच्या हाताने झालेत. जत्रेत बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं समोरासमोर उभे राहतात, हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून, दाबून काय ते ठरवतात. भोवती पन्नास माणसं असली तरी कुणाला काही कळत नाही. हात हातात आहे तोवर बोलणं चालू, हात सोडला की मोडलं.

आई म्हणाली, "जायाचा नाय."

"डाक्टरला मी पडायला पायजे ना? घरात बसून नाय पडत मी. जत्रेत जाऊन बगतो."

आई रडली. शेवटी ठरलं की मी सोबत जायचं.

बैलांच्या बाजारात त्या गर्दीत मी एकटीच मुलगी होते. शेणाचा, गुळाचा, तळणाचा वास. धूळ. पलीकडे घोंगड्यांची दुकानं. मी बाबांच्या मागे, बैलाच्या शेपटीपासून जरा लांब उभी राहिले. ओढणीची गाठ मुठीत धरली होती. समोरचा माणूस शहापूरकडचा होता, पांढऱ्या मिशांचा. बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला आणि त्यांचा चेहरा बदलला. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. रुमाल मधूनच हलायचा. म्हातारा मान हलवायचा, बाबा हसायचे. रुमाल पुन्हा हलायचा. मी त्या रुमालाकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. तो खाली लोंबला आणि हलेनासा झाला. मग बाबा गुडघ्यात वाकले.

क्षणात माणसं मधे आली. मला फक्त पाठी दिसत होत्या.

"कांदा आना, कांदा!"

"चप्पल हुंगवा रे!"

"हवा येऊ द्या! बाजूला व्हा!"

मी पुढे घुसायला गेले. कुणीतरी दंडाला धरून मागे सारलं. "तू बाजूला हो गो पोरी, चक्कर आलीय त्यांना." मला सांगायचं होतं की ते माझे बाबा आहेत. मला सांगायचं होतं की माझ्याकडे बटण आहे आणि ते आत्ता लागणार आहे. कुठल्या भाषेत ओरडायचं तेच मला कळत नव्हतं. मी नुसती ती गाठ वर धरून उभी राहिले, वर्गात हात वर करतात तशी.

त्या म्हाताऱ्याने मला बघितलं. तो बाबांजवळ खाली बसला होता, त्यांचा हात अजून त्याच्या हातात होता.

"ती पोर त्याच्याबरोबरची हाय. येऊ द्या तिला."

वाट झाली. मी बाबांचा स्वेटर वर केला, सदरा वर केला. गाठ सुटेना, तेव्हा ओढणीसकटच बटण छातीवर दाबलं. दिवा लागला की नाही ते कापडातून दिसलं नाही. गाठ दातांनी सोडली आणि पुन्हा दाबलं. लुकलुकला.

बाबांनी डोळे उघडले. नाकाशी कांदा होता, तो त्यांनी हाताने दूर केला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हाताऱ्याकडे बघितलं.

"हात सुटला का?"

"मी नाय सोडला," म्हातारा म्हणाला. "तुजा सुटला."

"मंग मोडला सौदा."

"मोडला तर मोडला. ऊठ आता, पानी पी."

परतताना जीपमध्ये ओळखीचे दोघं-तिघं होते. त्यातल्या एकाने विचारलंच, काय गो, कसला बटन तो, दाकव. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मी मूठ उघडली नाही. मुरबाडहून थेट कल्याणची एसटी धरली. घरी गेलो असतो तर ओट्यावर माणसं जमली असती.

डॉक्टरांनी नोंद उघडली. रेघ चाललेली होती, उठत, बसत, उठत, माझ्या प्रयोगशाळेतल्या रेघेसारखी. मग ती सपाट झाली. पडद्याच्या कडेपर्यंत सपाट गेली, पुढच्या ओळीवर आली, तिथेही सपाट. आणि मग एक ठोका, एकटाच, आणि त्याच्यामागून बाकीचे. त्या सपाट जागेत माझ्यासमोर नुसत्या पाठी होत्या. डॉक्टर खूश झाले. "मिळालं," ते म्हणाले. पेसमेकरचं बोलू लागले, कधी बसवायचा, किती दिवस राहावं लागेल. त्यांच्या आनंदात काही चुकीचं नव्हतं. इतके दिवस आम्ही याचीच वाट बघत होतो.

बाबांना मी सांगितलं, इथे थांबलं होतं. किती वेळ ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते मी ठेवून घेतलं.

बाबा खुर्चीतून पुढे वाकले. त्यांनी बोट पडद्याजवळ नेलं, काचेला न लावता, आणि त्या सपाट रेषेवरून हळूहळू सरकवलं. ती सुरू होते तिथे परत नेलं.

"हितं सुटला हात," ते म्हणाले.

मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, डॉक्टरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "यो नवा बशिवतील, यो तरी धरून ठेवल ना गो?"

मी पडद्याकडे बघितलं. बाबा थांबले होते. डॉक्टरही थांबले होते.

"काय विचारतायत ते?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं.

"बॅटरी किती वर्षं चालते ते विचारतायत," मी म्हटलं.

डॉक्टर ते समजावून सांगू लागले.